मढच्या बंगल्यातले दोन भाऊ

बाबा, काका आलाय माझ्याकडे मुलुंडला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आज नववा दिवस. काळा चष्मा लावून दिवसभर खिडकीत बसतो आणि खालून जाणाऱ्या-येणाऱ्याला नावं ठेवतो, अगदी तुमच्यासारखा. आवाजही आता तुमच्यासारखाच झालाय. परवा सकाळी त्याने बाथरूममधून "टावेल दी रे" म्हणून हाक मारली आणि मी चहाचा कप हातातून सोडणारच होतो. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी बरंच बोललो, भांडलो तर त्याहून जास्त, पण लिहायला असा कधी बसलो नव्हतो. आज बसलोय, कारण काल दुपारी काकाने एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. ती सांगायची तर आधी मढचं सांगायला हवं. मढला काय झालं ते तुम्हाला तुमच्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूने मी ते कधी सांगितलंच नाही.

मढच्या बंगल्यावरचं ते राखणदारीचं काम तुम्हाला मीच मिळवून दिलं होतं. आई गेल्यावर तुम्ही घाटकोपरच्या खोलीत एकटे बसून टीव्हीतल्या बातमीदाराशी भांडायला लागलात, तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाला काहीतरी उद्योग द्यायला हवा, नाहीतर शेजारी पोलीस बोलावतील. मी लोकेशन मॅनेजर, शूटिंगसाठी जागा शोधून द्यायच्या, परवानग्या काढायच्या, मालकांच्या शिव्या खायच्या. मढचे ते बंगलेवाले स्वतः कधी तिथे राहत नाहीत, त्यांना फक्त भरवशाचा माणूस लागतो. तुम्ही गेलात आणि महिन्याभरात तो बंगला तुमचाच झाला. एका मोठ्या सिरियलच्या हिरोला "चपला बाहेर" म्हणून तुम्ही ओसरीवरून परत पाठवलंत, त्याची गोष्ट अंधेरीच्या ऑफिसांत अजून सांगतात. मी लाजेने मेलो होतो. आता तीच गोष्ट मी स्वतःहून लोकांना रंगवून सांगतो.

मग ते ब्रिटिश युनिट आलं. चौदा माणसं, ना व्हॅनिटी, ना लाइटचे ट्रक. तुम्ही पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलंत, "अरे, हे खरंच सिनेमावाले की फसवतायत तुला?" डायरेक्टर बाई स्वतः खुर्च्या उचलत होती, ते तुम्हाला फार खटकलं होतं. त्यांचा सिनेमा साधा होता. तिकडे इंग्लंडच्या उत्तरेला एका लहान गावात दोन पुरुष एकत्र राहतात, एक बसगाड्या दुरुस्त करतो, दुसरा शाळेत शिकवतो. मास्तराची आई मूळची आपल्या मुंबईची. ती जाते आणि समुद्राकाठचं तिचं घर रिकामं करायला दोघं इकडे येतात. बारा दिवस भांडी, कपडे, कपाटं आवरतात, आणि आवरता आवरता दोघांच्या लक्षात येतं की आपलं नातंही आता आटोपत आलंय. बस, एवढीच गोष्ट. मी तिची संहिता वर्सोव्याच्या जेट्टीवर बोटीची वाट बघत मोबाइलवर वाचली. त्यात कोणी जीव देत नाही, कोणी कोणाला घराबाहेर काढत नाही. भांडण होतं ते ओल्या टॉवेलवरून. आणि बाबा, मी मोबाइल बंद करून खिशात टाकला, कारण त्याच सकाळी आमच्या घरी ओल्या टॉवेलवरून भांडण झालं होतं.

'आमच्या' म्हणजे माझ्या आणि त्याच्या. तुम्ही त्याला माझा रूममेट म्हणून ओळखत होतात. साउंड रेकॉर्डिस्ट, गळ्यात कायम हेडफोन, गणपतीला तुमच्याकडे येऊन एकवीस मोदक खाणारा. तो माझा रूममेट नव्हता. घ्या, लिहिलं एकदाचं. पाच वर्षं आम्ही एकत्र राहत होतो आणि मी त्याच्यावर जीव टाकत होतो. त्या सिनेमाचं साउंडचं काम त्यालाच मिळालं होतं, म्हणजे मीच लावून दिलं होतं. त्यामुळे शूटिंगचे बारा दिवस माझं सगळं जग त्या एका बंगल्यात गोळा झालेलं, तुम्ही, तो, आणि कॅमेऱ्यापुढे आमचंच आयुष्य. माझी काय वाट लागली असेल विचार करा.

पहिल्या सकाळी तुम्ही नारळ घेऊन तयार होतात. गाऱ्हाणं घातल्याशिवाय कॅमेरा चालू करू देणार नाही, म्हणालात. डायरेक्टर बाईला मी समजावलं की माझे वडील देवाला तुमच्या कामासाठी साकडं घालतील, प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ती माणसं एवढी खूश झाली, रांगेत उभी राहून सराव करायला लागली. आणि तुम्ही मला विचारलंत, "गोष्ट काय रे ह्यांची? देवाला काय ते नीट सांगायला हवं. हे दोघे कोण एकमेकांचे?"

मी म्हटलं, "भाऊ. दोघं भाऊ आहेत, बाबा."

पटकन तोंडातून निघालं. मित्र म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण मला आपलं पक्कं काहीतरी हवं होतं, ज्यावर पुढे प्रश्न येणार नाही असं. का खोटं बोललो, तेही सांगतो. मी तेरा वर्षांचा होतो. घाटकोपरला गणपतीच्या कार्यक्रमात पलीकडच्या चाळीतल्या एका मुलाने साडी नेसून नाच केला होता, फार सुंदर नाचला होता. दुसऱ्या दिवशी जेवताना आई त्याचं कौतुक करायला लागली आणि तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "असलं पोर माझ्या पोटी आलं असतं तर दारात उभं केलं नसतं." तुम्ही लगेच भात मागितलात. तुम्हाला ते वाक्य दहा मिनिटंही लक्षात राहिलं नसेल. मी ते तीस वर्षं सांभाळलं. तुम्ही कधी मला मारलं नाहीत बाबा, हात उगारला नाहीत, पण तुमचा पाय जिन्यावर वाजला की मी पुस्तकात तोंड लपवायचो, ते त्या दिवसापासून.

तर तुम्ही गाऱ्हाणं घातलंत. कोकण सोडून चाळीस वर्षं झाली होती तरी आवाज खणखणीत. "बा देवा म्हाराजा! आज ही साता समुद्रापलीकडची माणसा तुझ्या दारात इली हत. ह्या घरात दोन भाव ऱ्हवतत. त्येंच्या मधी कोणी वाकडा घालूक बघित, तर त्येची नजर दुसरीकडे वळय रे म्हाराजा! त्येंका एका घरात, एका मनान ऱ्हवाची बुद्धी दी रे म्हाराजा!" आणि चौदा गोरी माणसं एकसुरात, "व्हाय माराजा!" बाईने मला हळूच विचारलं, काय म्हणाले? मी तिला इंग्रजीत सांगितलं, ते देवाला म्हणतायत की ह्या जोडप्याला कोणाची दृष्ट लागू नये. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुढे झाली आणि तिने तुमचे दोन्ही हात हातात घेतले, तुम्ही कावरेबावरे होऊन माझ्याकडे बघत राहिलात. मी तुम्हालाही फसवलं आणि तिलाही. तो माझ्या मागे उभा होता. त्यानेही सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हटलं, पण शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज आला नाही. मी वळून बघितलं नाही.

त्यानंतरचे दिवस तुम्ही मजेत होतात, हे मला आठवतं आणि बरं वाटतं. मेकॅनिकचं काम करणाऱ्या त्या उंच नटाला तुम्ही विळीवर बसून नारळ खवायला शिकवलंत. त्याचे पाय कुठेच मावत नव्हते, तुम्ही मराठीत ओरडत होतात आणि तो इंग्रजीत सॉरी म्हणत होता. आणि ती रूम टोनची गंमत. सीन संपला की साउंडवाला खोलीतली नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करतो, तोवर कोणी हलायचं नाही. पहिल्यांदा सगळे असे पुतळ्यासारखे उभे राहिलेले बघून तुम्ही टोपी काढलीत, हात जोडलेत, मान खाली घातलीत. मिनिट संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात, "कोण गेलं रे ह्यांच्यातलं?" तो एवढा हसला, एवढा हसला की त्याला परत सगळं रेकॉर्ड करावं लागलं. त्यानंतर रोज तुम्ही त्याच्यासाठी वेगळा आल्याचा चहा करायला लागलात.

सहाव्या दिवशी स्वयंपाकघरातला सीन होता. मास्तर ओट्याशी तांदूळ निवडत उभा असतो, मेकॅनिक मागून येतो, त्याच्या मानेवर कपाळ टेकतो. मग दोघं एकमेकांचं चुंबन घेतात, सिनेमातल्यासारखं नाही हो, रोजच्यासारखं, कामाला जाताना घेतात तसं. मला आदल्या दिवसापासून झोप नव्हती. सकाळीच तुम्हाला म्हटलं, "बाबा, युनिटला आज मासे खायचेत, कोळणींकडून तुम्ही स्वतः निवडून आणा, मला नाही कळत." तुम्ही खुशीत गेलात. तासभर तरी लागणार होता. सीन चार वेळा झाला. चौथ्यांदा सगळे गप्प उभे असताना माझी नजर मागच्या दाराकडे गेली. दार अर्धं उघडं होतं, पायरीवर बांगड्यांची पिशवी ठेवलेली होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. तुम्ही तिथे नव्हतात. मी धावत पुढे आलो, तर तुम्ही गेटजवळ स्टुलावर बसून समोरच्या रस्त्याकडे बघत होतात.

पिशवी ठेवून लगेच पुढे आलात की उभे राहिलात, किती वेळ उभे राहिलात, हे मी तुम्हाला विचारलं नाही. त्या संध्याकाळी मी निघताना तुम्हीच विचारलंत. माझ्याकडे न बघता, बागेतला पाइप गुंडाळता गुंडाळता. "भावच ना रे ते दोघे?"

मला वेळ होता, बाबा. तुम्ही तो पाइप खूप हळू गुंडाळत होतात. मी म्हटलं, "हो. भाऊच."

"असांदे," तुम्ही म्हणालात. म्हणजे असू दे. आणि नळ बंद करायला गेलात.

पुढच्याच महिन्यात तुम्ही गावाला काकाकडे गेलात. पडवीच्या भिंतीवरून एकोणीस वर्षं तुम्ही सख्खे भाऊ बोलत नव्हतात, माझ्या आईच्या तेराव्यालाही तो आला नव्हता, आणि तुम्ही आपणहून एसटी पकडून त्याच्या दारात जाऊन उभे राहिलात. परत आल्यावर मला म्हणालात, "त्या गोऱ्या भावांचं बघून वाटलं, आपण काय डोक्यावर घेऊन जाणार आहोत?" मी काय केलं माहितीये? सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, चला, म्हाताऱ्याला काही कळलेलं नाही, उलट माझ्या खोटेपणाने दोन भाऊ एक झाले. ही गोष्ट मी मित्रांना पार्टीत सांगायचो. सगळे हसायचे. तो मात्र कधी हसला नाही. एकदा म्हणाला, "तुझ्या बाबांनी मागच्या दाराने पाहिलं असेल तर?" मी चिडलो. म्हटलं, तू तुझ्या माइकचं बघ.

गावाहून आल्यावर तुम्ही चौदा महिने होतात. दर रविवारी आमच्याकडे यायला लागलात, आधी कधी यायचा नाहीत. एकदा तो तापाने फणफणला होता आणि मला उशीर होत होता, मी त्याच्यावर काहीतरी खेकसलो, गोळ्या कुठे ठेवल्यास वगैरे. तुम्ही खुर्चीतून उठलात. "घरातल्या माणसाशी असं बोलतात? मी बोलायचो तुझ्या आईशी, आता रोज आठवतं मला. गप त्याच्याजवळ बस. कामाला उशीर झाला तर झाला." मी कामावर गेलो. तुम्ही दिवसभर त्याच्या कपाळावर घड्या ठेवत बसलात. संध्याकाळी मी आलो तेव्हा तुम्ही त्याला पेज भरवत होतात आणि मला बघून चमचा त्याच्या हातात दिलात.

तुम्ही गेलात तेव्हा सगळी धावपळ त्याने केली. डॉक्टरचा दाखला, गाडी, सगळं. तेराव्याला घाटकोपरला माणसं जमली. तो पंगतीत वाढत होता. कोणीतरी विचारलं, हा कोण? आणि मी म्हटलं, रूममेट. त्याच्या हातात भाताचं पातेलं होतं, तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्याने पंगत पूर्ण वाढली, भांडी घासली. घरी आल्यावर म्हणाला, "आता तर तेही नाहीत. आता कोणाला घाबरतोस यार?" दीड वर्ष तो तसाच राहिला, मग बंगळुरूला गेला. जाताना भांडण वगैरे काही नाही. आम्ही दोघांनी मिळून कपाट आवरलं, त्याचे कपडे वेगळे काढले. शेवटी मी त्याला शर्टांच्या घड्या घालून देत होतो आणि रडत होतो, आणि तो म्हणत होता, राहू दे, मी घालतो. हल्ली दिवाळीला मेसेज येतो.

आता कालचं. काका आल्यापासून मागे लागला होता, तुझ्या बापाने सांगितलेला तो दोन भावांचा सिनेमा दाखव, आता डोळो बरो झालो. मी टाळत होतो. त्या युनिटने मला लिंक पाठवून वर्षं झाली होती, मी एकदाही उघडली नव्हती. काल जेवण झाल्यावर त्याने परत काढलं, मग लावला लॅपटॉपवर. म्हटलं, इंग्रजीत आहे, झोपेल पाच मिनिटांत. झोपला कसला! चष्मा काढून पुढे वाकून बघत होता. बंगला दिसला, मागचं दार दिसलं, तुमची ती निळी बादली एका कोपऱ्यात दिसली. मग स्वयंपाकघर आलं. काकाने ते शेवटपर्यंत बघितलं, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे भाव नाय हत रे."

मी म्हटलं, "नाहीत."

"तुझ्या बापाशीक ठावक होता?"

"नाही," मी म्हटलं. जरा जास्तच पटकन म्हटलं.

काकाने मला सिनेमा थांबवायला लावलं. मग त्याने सांगितलं. त्या दिवशी तुम्ही त्याच्या पडवीत बसलात, तांब्याभर पाणी प्यायलात, सिनेमाचं वगैरे नंतर, जेवताना निघालं. आधी तुम्ही वेगळंच बोललात. काकाने तुमचाच आवाज काढला, "माझो झील माका कायतरी सांगूक बघता आणि भिता. त्येच्या तोंडार दिसता. मी असो कसो बापूस झालंय रे, की पोटचो पोर माका भिता? विचारूक गेलंय तर आणखी भियात. ता त्येचा त्येका सांगांदे, मी थांबतंय. पण तवसर म्हटला, तुझ्याकडे तरी येऊया. तू पण भ्यानाच गप बसलंस ना एकोणीस वर्सा?"

चौदा महिने, बाबा. दर रविवारी तुम्ही येऊन त्या खुर्चीत बसायचात, आणि मी तुम्हाला क्रिकेटचा स्कोअर सांगायचो. तुम्ही थांबला होतात. मी समजत होतो तुम्हाला टीव्ही बघायचाय. तुम्हाला काही कळलं नाही, ह्या एका गोष्टीवर मी आठ वर्षं काढली. तुमच्या दारात उभं न करण्याच्या त्या वाक्याचा राग धरून बसलो, आणि तुम्ही ते वाक्य केव्हाच मागे टाकून माझ्याच दारात येऊन बसला होतात. मला माफ करा असं लिहिणार होतो, पण तुम्ही म्हणाल, असांदे. तेच मला सहन होत नाही.

"मगे?" काकाने विचारलं. "काय होता ता? काय सांगूक भियत होतंस?" नव्या डोळ्याने थेट माझ्याकडे बघत होता. समोर पडद्यावर ते दोघं तसेच थांबवून ठेवलेले. घरात आम्ही दोघंच, विचारणारा तुमचा सख्खा भाऊ, आणि त्याच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता. मी म्हटलं, "नोकरीचं असेल काका. तेव्हा माझं काम सुटायच्या बेतात होतं." "असात," तो म्हणाला, म्हणजे असेल, आणि चष्मा लावला. चहा मागितला.

परवा तो गावाला जातोय. आता स्वयंपाकघरात बोंबील साफ करत बसलाय आणि माझ्या सुरीला धार नाही म्हणून बडबडतोय. इथून आठ-दहा पावलं. सकाळपासून मी हे लिहितोय आणि त्याने आत्ता तिसऱ्यांदा हाक मारली, "काय लिवतंस रे इतको येळ?"

मी म्हटलं, "ऑफिसचं."